तारखेचे दिवस

कोर्टाच्या दिवसांची कुणाला हुरहुर लागते का? लागत असली तरी चारचौघांत कुणी बोलून दाखवत नाही. पुणतांब्याचे रंगनाथ तात्या मात्र बोलून दाखवतात. सकाळी पेरूच्या बागेत पाणी धरत असले आणि रुळांवरून एखादी गाडी श्रीरामपूरकडे धडधडत गेली, की तात्यांचं पाण्याच्या बाऱ्यावरचं लक्ष उडतं. "लई चांगले दिवस हुते," म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा तरुणपणाच्या आठवणी काढतोय. तात्या बोलत असतात ते लेकीचं लग्न रद्द करून घेण्यासाठी घातलेल्या हेलपाट्यांबद्दल.

लंकाबाई, त्यांची बायको, कपाळाला हात लावतात. "जळ्ळे मेले ते दिवस! आन् ह्यांना ग्वाड लागत्यात."

तात्यांचं सगळं आयुष्य गोदावरी आणि रेल्वेची लाईन यांच्या मधल्या पट्टीत गेलं. माणूस कष्टाळू, सरळ, पण तोंडाला कुलूप. बागेत पेरू तोडायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, तात्या एक वेळ झाडाशी बोलतील, माणसाशी नाही. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, नवससायास करून झालेली निकिता ही एकुलती एक लेक. तिच्यावर जीव असा, की तिला ताप आला तर तात्या जेवायचे नाहीत. पण तो जीव कधी शब्दांत उतरला नाही. पोरगी कॉलेजात गेली तरी बापलेकीचं बोलणं म्हणजे "तात्या, भाकरी वाढलीय," आणि "आलो." त्यापुढं गाडी सरकायची नाही.

निकिता बी.एस्सी. झाली आणि नेवाशाकडचं स्थळ आलं. मुलगा करण, चाकणला कंपनीत, दिसायला देखणा, बोलायला गोड. घरचं बागायत, बाप आप्पासाहेब गावात वजन असलेला. चौकशी सगळे करतात तशीच केली. दारू पितो का, आईबाप कसे, भाऊबंदकीत काही तंटा आहे का. 'ह्याचं आधी लग्न झालंय का' असं कोण कुणाच्या पोराबद्दल विचारतं?

वैशाखात श्रीरामपूरच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. आदल्या दिवशी घरच्या मांडवात हळदीला संबळ वाजायला लागलं आणि गावानं कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. रंगनाथ तात्या नाचले. टोपी हातात घेऊन, डोळे मिटून, एकटेच. लंकाबाई लाजून आत पळाल्या. पोरांनी मोबाईलवर शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी तेच तात्या कार्यालयाच्या मागं, आचाऱ्यांच्या चुलीपाशी जाऊन उभे राहिले. धूर डोळ्यांत गेला म्हणाले.

श्रावणात पहिल्या पंचमीला निकिता माहेरी आली. बांधावरच्या चिंचेला झोका बांधला होता, गल्लीतल्या पोरीबाळी जमल्या होत्या. निकिता झोक्यावर उभी राहून उंच उंच जात होती. तेवढ्यात पाणंदीनं एक मुलगी चालत आली. अंगावर साधी साडी, काखेला पिशवी, चपला चिखलानं भरलेल्या. झोक्यापासून थोडी लांब ती उभी राहिली आणि झोका थांबायची वाट पाहत राहिली.

"निकिता तुमीच का?"

"व्हय. तुमी?"

"मी शुभांगी. कोल्हारची." मुलीनं एकदा सगळ्या पोरींकडं पाहिलं आणि मग आवाज न चढवता म्हणाली, "करणची बायको."

पोरींचं हसणं जागच्या जागी थिजलं. पलीकडं तात्या बैलाला पाणी दाखवत होते. त्यांच्या हातातली बादली तशीच राहिली.

"मी भांडायला न्हाई आले," शुभांगी म्हणाली. "तुमच्या लग्नाचं मला आत्ता कळलं. मला एवढंच सांगायचं हुतं, की मी हाय."

ओसरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी करण कोल्हारजवळच्या कारखान्यात ट्रेनी होता. ती ब्लाऊज शिवायची. जीव जडला. घरचे तयार नव्हते म्हणून दोघांनी आळंदीला जाऊन लग्न लावलं. एका खोलीत चार महिने संसार केला. मग आप्पासाहेबांना पत्ता लागला. ते आले, "ह्याला लग्न म्हणत न्हाईत, पोरखेळ म्हणत्यात," म्हणाले, पोराला घेऊन गेले आणि सुनेला तिच्या आईच्या दारात सोडलं. करण फोनवर म्हणायचा, थांब, वडलांचा राग शांत होऊ दे. ती थांबली. थांबता थांबता त्याच्या दुसऱ्या लग्नाची बातमी आली.

लंकाबाईंनी तिला आधी पाणी दिलं, मग घालूनपाडून बोलल्या, आणि मग जेवायलाही वाढलं.

त्या संध्याकाळी निकितानं करणला फोन लावला. तो आधी हसला, मग चिडला. शेवटी म्हणाला, "ते संपलंय गं." निकितानं फोन ठेवला आणि चाकणला परत गेली नाही.

आठवड्यानं आप्पासाहेब चार पाहुणे घेऊन आले. बैठक बसली. "पोराकडनं चूक झाली," ते म्हणाले. "त्या पोरीचं आमी बघून घेऊ. तुमची लेक राणीसारखी नांदंल." मध्यस्थानं मान डोलावली. भावकीतल्या दोघातिघांनीही डोलावली. लंकाबाई दाराआडून लेकीला म्हणाल्या, "पोरी, नांदून घे. गावात तोंड दाखवायचंय आपल्याला."

निकिता सरळ बैठकीत आली. कुणाकडं न बघता तिनं बापाला विचारलं, "तात्या, मी तिथं कोन म्हणून जाऊ?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग उठून उभे राहिले आणि पाहुण्यांना हात जोडले. "चहा घ्या," म्हणाले, "आन् निघा."

श्रीरामपूरला कापडाच्या दुकानावर गहिनीनाथ वकिलांचं ऑफिस होतं. जिन्यात नव्या कापडाचा वास भरलेला असायचा. वकील साठीचे, अंगानं बारीक, बोलायला सावकाश. तात्यांनी खुर्चीच्या कडेवर टेकून सांगितलं, "साहेब, पोरीचा घटस्फोट पायजे."

"तो नाही मिळायचा," वकील म्हणाले.

तात्यांचा चेहरा पडला. वकिलांनी हातानंच त्यांना धीर दिला. "मोडायला आधी लग्न असावं लागतं, तात्या. पहिली बायको हयात आहे, ते लग्न कोर्टात मोडलेलं नाही. मग दुसरं लग्न कायद्यानं शून्य. लागलंच नाही असं धरायचं. पण हे तुम्ही-आम्ही म्हणून भागत नाही. कोर्टानं तसं जाहीर करावं लागतं."

"मग करू द्या की जाहीर."

"करेल. पण आपल्याला एक गोष्ट सिद्ध करावी लागेल." वकील आता निकिताकडं वळले. "कोल्हारच्या मुलीचं लग्न रीतसर लागलं होतं. तिचं लग्न जितकं खरं ठरेल, तितकं तुझं खोटं ठरेल. कळतंय ना, बाळ?"

निकिता म्हणाली, "कळतंय."

करणला तुरुंगात टाकता येईल का, असं तात्यांनी विचारलं. त्याची वेगळी फिर्याद होते, करायची तर करू, असं वकील म्हणाले. निकिताच नको म्हणाली. "त्याच्या मागं धावायला मला येळ न्हाई. मला आधी मोकळं व्हायचंय."

लग्न श्रीरामपुरात लागलं होतं म्हणून अर्ज तिथल्याच कोर्टात पडला. नोटीस निघाली, पत्त्यावर कुणी नाही म्हणून परत आली, पुन्हा निघाली. करणनं वकील दिला आणि कैफियत दाखल केली. त्यात लिहिलं होतं, शुभांगी नावाच्या कुठल्याही बाईला मी ओळखत नाही. बायकोला नांदायचं नाही म्हणून तिनं हे कुभांड रचलं आहे. आणि मग सुरू झाल्या तारखा.

ज्या दिवसांसाठी तात्यांचा जीव अजून हळहळतो, ते हे दिवस.

तारखेच्या दिवशी बापलेक सकाळच्या पॅसेंजरनं निघायचे. पहिल्या खेपेला दोघं समोरासमोर खिडकीशी बसले आणि एक अक्षर बोलले नाहीत. चितळी स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली, ती हलेचना. निकिता बाहेर बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तात्यांना काय करावं कळेना. लेकीच्या पाठीवरून हात फिरवायची त्यांना सवय नव्हती. घसा खाकरून ते एकदम म्हणाले, "ह्याच गाडीत मी पेरू इकायचो."

निकितानं वळून पाहिलं.

"शाळा बुडवून. डोक्यावर पाटी घ्यायची आन् डब्याडब्यातनं हिंडायचं. एक डाव झोप लागली ती थेट दौंडाला उतरलो. तिथं कोळशाचं एवढं दांडगं इंजिन उभं हुतं! बघत बसलो दिवसभर. उरल्यालं पेरू ड्रायव्हरला दिलं, त्यानं मला वर चढू दिलं. घरी आलो तवा बानं ओल्या फोकानं सडकला. पण इंजिनावर चढलो हुतो ना मी!"

निकिता डोळे पुसता पुसता हसली. "तुमी? आन् शाळा बुडवून?"

मग काय, कुलूप उघडलंच. प्रत्येक तारखेला तात्यांकडं एक नवी गोष्ट असायची. कधी जत्रेतल्या कुस्तीची, कधी गोदावरीच्या पुरात वाहून चाललेल्या वासराला त्यांनी आणि त्यांच्या दोस्तानं कसं ओढून काढलं त्याची. एकदा लंकाबाईंना बघायला गेल्याची निघाली. "मी काय मान वर केलीच न्हाई. ताटातलं पोहं तेवढं बघितलं. तुझ्या आईचं तोंड बघितलं ते डायरेक अंतरपाट सरकल्यावर."

"आवडलं का?"

"पोहं बरं हुतं," तात्या म्हणाले, आणि निकिता इतकी हसली की समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं विचारलं, कुठं लग्नाला चाललाय का?

"न्हाई आजी," निकितानं सांगितलं, "लग्न न्हाई झालं म्हणून सांगाया चाललोय." म्हातारीला काही उलगडा झाला नाही.

श्रीरामपूरच्या स्टेशनाचं नाव पाटीवर बेलापूर असं आहे. निकिता तिथं उतरताना एकदा म्हणाली, "बघा तात्या, राहतं एका गावात आन् नाव लावतं दुसऱ्याचं. ह्याचाबी अर्ज टाकाया पायजे." तात्यांना ते एवढं पटलं, की पुढं कित्येक दिवस येईल त्या पाहुण्याला ते हे ऐकवायचे.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली ते बसायचे. ज्याची त्याची ठरलेली जागा असायची. फडक्यातली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि पेरूचा हंगाम असला तर पिशवीभर पेरू. बांधाच्या भांडणात वर्षानुवर्षं येणारी एक आजी त्यांना लोणचं द्यायची आणि पेरू न्यायची. पट्टेवाला एकेकाचं नाव पुकारायचा. पहिल्यांदा निकिताचं नाव तसं भर व्हरांड्यात ओरडून घेतलं गेलं, तेव्हा तात्यांना कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. पण पुढं पुढं पुकारा झाला की बापलेक तोंडातला घास संपवून सावकाश उठायचे. पुष्कळदा आत गेल्यावर कळायचं, आज साहेब रजेवर आहेत, समोरचा वकील आला नाही, पुढची तारीख. लंकाबाई घरी बोटं मोडायच्या. तात्या वरून चिडल्यासारखं दाखवायचे. पण पुढची तारीख पडली याचा त्यांना मनातून आनंद व्हायचा, असं आता ते उघड कबूल करतात. संध्याकाळची परतीची गाडी येईपर्यंत दोघं मेन रोडला भेळ खायचे. साठीला टेकलेल्या तात्यांनी तोवर कधी बाहेर भेळ खाल्ली नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात, अशाच एका परतीच्या गाडीत, निकितानं सांगितलं की तिला रक्त-लघवी तपासायच्या लॅबचं शिक्षण घ्यायचं होतं. बी.एस्सी. झाल्यापासून होतं.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?"

 दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःच लेकीला घेऊन श्रीरामपूरला गेले आणि तिचं नाव घालून आले.

अर्ज पुढं सरकत साक्षीपुराव्यापर्यंत आला. निकिताची साक्ष झाली, तात्यांची झाली. आता सगळा भार शुभांगीवर होता, आणि शुभांगीच फिरली. समन्स पोचूनही ती आली नाही. गहिनीनाथ वकील म्हणाले, "वॉरंट काढून आणता येईल. पण अशी धरून आणलेली साक्ष पांगळी असते. तिनं मनानं यायला पाहिजे."

तात्या आणि निकिता एसटीनं कोल्हारला गेले. प्रवरेच्या पुलाच्या अलीकडं, उतरणीवर शुभांगीच्या आईचं पत्र्याचं घर होतं. आई बनाबाई दारातच आडव्या आल्या. "आता काय ऱ्हायलंय आमच्याकडं? जा बाबांनो." आतून शिलाई मशिनचा आवाज येत होता. तो थांबला आणि शुभांगी बाहेर आली. आधीपेक्षा बारीक झाली होती.

"त्यांचा निरोप आलाय," ती खाली बघत म्हणाली. "गप ऱ्हायलीस तर केस संपल्यावर नेऊ म्हणत्यात."

"आन् तू मानलंस?" तात्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काय करू मग? तुमच्यासारखा बाप न्हाई माझ्यामागं."

 निकिता उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "शुभांगीताई, त्यानं कोर्टात लिहून दिलंय, की तुझ्या नावाची बाई त्याला म्हाईतच न्हाई. तू गप बसलीस तर ते खरं ठरंल. मग तो तुला कोन म्हणून नेनार?"

शुभांगीनं विचारलं, "माझं लग्न खरं ठरलं तर तुमचं खोटं ठरंल. चालंल तुमाला?"

"त्याच्यासाठीच तर आलेय."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. तात्या सांगतात, त्या दोघींच्या मधे अडलेलं एखादं गाडं निघून जावं तसं काहीतरी झालं. बनाबाई उठल्या आणि त्यांनी चुलीवर चहा टाकला.

साक्षीच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी इतरांना बाहेर काढलं. तात्यांची साक्ष आधीच झाल्यानं त्यांना मागं बसू दिलं. शुभांगी पिंजऱ्यात उभी राहिली. करणच्या वकिलानं तिला उलटसुलट घेतलं. लग्नाला कोण होतं? आईबाप का नव्हते? होम होता की नुसते हार घातले? सप्तपदी झाली याला पुरावा काय? नुसतं एकत्र राहिलं म्हणजे लग्न होत नाही, हे माहीत आहे का?

शुभांगीनं पिंजऱ्याचा कठडा धरला. "होम झाला," ती म्हणाली. "सात पावलं झाली. पाचव्या पावलाला ह्यांच्या उपरण्याचं टोक होमात गेलं. आग लागली. गुरुजींनी कलशातलं पानी फेकलं ते माझ्याच तोंडावर आलं. सगळे हसायला लागले. हे म्हणाले, आपल्या संसारात आगबी आमची आन् पानीबी आमचंच. तो जळक्या कापडाचा वास मला अजून येतोय, साहेब."

करण बाकावर खाली मान घालून बसला होता. तात्या तेव्हा त्याच्याकडंच बघत होते. शुभांगी हे सांगत असताना त्या पोराच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. आठवणीनं आपोआप येतं तसं. लगेच त्यानं तोंड पुसलं. दोन वर्षं तात्या त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्याची कीव आली. एवढं चांगलं काहीतरी हातात आलेलं, आणि बापाच्या भीतीनं ते 'मला माहीतच नाही' म्हणून लिहून द्यायचं, हे कसलं जिणं? लग्न लावणारे आळंदीचे गुरुजीही पुढच्या तारखेला येऊन साक्ष देऊन गेले. पण तात्यांच्या मते निकाल त्या हसण्यातच लागला होता.

खरा निकाल लागला हिवाळ्यात. न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं, गहिनीनाथ वकिलांनी व्हरांड्यात समजावून सांगितलं. निकिता आणि करण यांचा विवाह शून्य आणि रद्दबातल आहे. मुळापासूनच त्याला कायद्यात अस्तित्व नाही. निकितानं वकिलांच्या पायाला हात लावला. बांधाच्या भांडणातली आजी म्हणाली, "सुटलीस गं बाई. आता मला पेरू कोन देनार?"

परतीच्या गाडीत निकिता मोकळी मोकळी दिसत होती. तात्या मात्र पूर्वीसारखे गप्प झाले होते. चितळी गेलं तरी बोलेनात.

"काय झालं, तात्या? जिंकलो की आपण."

"व्हय," तात्या म्हणाले. "पर ते म्हणत्यात, लग्न झालंच न्हाई. मुळातनंच न्हाई. मग मांडव पडला, ते? तुझ्या आईनं रात-रात जागून रुखवत केलं, ते? मी…" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी लई खुश हुतो गं त्या दिवशी. ते बी झालं न्हाई का?"

निकिता उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. "ते कोर्टाला न्हाई इचारलं आपण," ती म्हणाली. "कोर्टानं फक्त माझं आन् त्याचं रद्द केलंय. तुमचं नाचनं न्हाई रद्द केलं." आणि तिनं मोबाईल काढला. हळदीचं शूटिंग तिनं पुसून टाकलं नव्हतं. नवरदेव असलेलं सगळं काढून टाकलं होतं, आणि तेवढं ठेवलं होतं. धावत्या गाडीत, छोट्या पडद्यावर, तात्यांनी स्वतःला पहिल्यांदा नाचताना पाहिलं. "टोपी तरी डोक्यावर ठेवायची," एवढंच म्हणाले.

घरी लंकाबाईंनी लेकीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. ज्या लंकाबाई तोंड दाखवायला लाजत होत्या, त्याच पुढं गावभर वकिली करायला लागल्या. कुणी निकिताला 'घटस्फोटवाली' म्हटलं, की नळावर हंडा खाली ठेवून त्या भांडायच्या. "घटस्फोट कुनाचा? जिचं लग्न झालंय तिचा. माझ्या लेकीचं लग्नच झालं न्हाई. कोर्टाचा कागद हाय!"

शुभांगीला करण न्यायला आलाच नाही. पण आता ती कोर्टानं मानलेली बायको होती, आणि वाट बघत बसायची तिची हौस फिटली होती. तिनं गहिनीनाथ वकिलांकडूनच रीतसर घटस्फोट घेतला. कोल्हारच्या बाजारात आज तिचं शिवणकामाचं दुकान आहे. दिवाळीला लंकाबाईंचा ब्लाऊज तिच्याकडून येतो, तोही माप न पाठवता. निकिताचे आणि तिचे फोन चालू असतात. त्या काय बोलतात हे तात्यांना कळत नाही आणि ते विचारतही नाहीत.

निकिता शिकली आणि नगरला एका लॅबमध्ये लागली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण तात्यांच्या तोंडी नगरच. घर रिकामं झालं. सकाळच्या वेळेला श्रीरामपूरला न्यायला पूर्वीसारखी गाडी राहिली नाही, आणि तात्यांना तिकडं जायला कारणही राहिलं नाही. तरी वर्षातून एखादेवेळी ते एसटीनं जातात. गहिनीनाथ वकिलांना पेरू देतात, मेन रोडला एकट्यानंच भेळ खातात आणि परत येतात. चव तीच असते म्हणतात, पण संपवत नाही.

गेल्या कार्तिकात निकिताचा फोन आला. एरवी ती आधी आईशी बोलते. त्या दिवशी म्हणाली, तात्यांना दे. नगरच्या एका शाळेत शिकवणारा ओम म्हणून मुलगा आहे. दोन वर्षं ओळख आहे. तिनं त्याला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. त्याची चौकशी तिनं स्वतः केली होती, आणि शुभांगीनंही वेगळी केली होती.

"पोरगा बरा हाय का?" तात्यांनी विचारलं.

"बरा हाय. लई बोलतो."

"बोलू दे."

निकिता थोडं अडखळली. "तात्या, मांडव-बिंडव काय नको. रजिस्टर करू आन् चार मान्सं जेवू घालू. दुसऱ्यांदा कशाला तो सगळा पसारा? लोक काय म्हणतील?"

तात्या अंगणात उभे होते. फोन कानाला घट्ट धरून त्यांनी घराकडं पाठ केली, म्हणजे लंकाबाईंना चेहरा दिसू नये.

"दुसऱ्यांदा?" ते म्हणाले. "अगं, पहिलंच लग्न हाय तुझं. मांडव घालनार मी."

मार्गशीर्षात, पुणतांब्यातच, दारापुढं मांडव उभा राहिला.